मुस्तफा आणि पाठभेद

‘मुस्तफा’ हा व्हिडिओ गेम ठाऊक नाही असा चाळिशीच्या घरातला पुरुष मांजरी-हडपसर भागात शोधू लागलो, तर बरीच पायपीट करावी लागेल. गंमत अशी की, या नावाचा गेम कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा एक गेम बाजारात आणला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथामालेवर तो आधारलेला होता. त्यात खेळणाऱ्याने चार पात्रांतून एक निवडायचे असे : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. कॅडिलॅक मोटार आपल्या मुलांनी कधी पाहिलेली नव्हती आणि ते लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसण्यासारखे नव्हते. मुस्तफा हा चपळ, धावत येऊन लाथ घालणारा गडी. त्याचे नाव मात्र ओळखीचे वाटले. मग साऱ्या गेमचेच बारसे त्याच्या नावाने झाले. हे केवळ पुण्यात घडले असे नाही. देशभर घडले, शेजारच्या पाकिस्तानातही घडले.

हा गेम घरी टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी अधिकृतपणे कधीच निघाला नाही. १९९४ साली त्याच मालिकेवर सेगा कंपनीच्या यंत्रासाठी एक गेम आला खरा, पण तो वेगळाच होता. म्हणजे मुस्तफा खेळायचा तर व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जायचे, नाणे किंवा टोकन टाकायचे आणि उभ्याने खेळायचे, हाच एक मार्ग होता. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही एसटी स्टँडजवळ नाहीतर टॉकीजच्या आसपास अशी पार्लरे असत. पुढे घरोघर संगणक आले, सायबर कॅफे आले, मोबाइल आले आणि पार्लरे एकेक करून बंद पडली. ती लाकडी खोकी भंगारात गेली, आतले बोर्ड कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. आणि तरीही आज मांजरीतला एखादा विद्यार्थी मोबाइलवर ब्राउझर उघडून चार अक्षरे टाइप करतो आणि मुस्तफा त्याच्यापुढे उभा राहतो. हे होते कसे? आणि जो उभा राहतो तो खरोखर तोच मुस्तफा असतो का? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करायचा आहे. दुसरा प्रश्न संगणकशास्त्राचा कमी आणि आपल्या कलाशाखेचा अधिक आहे, असे माझे मत आहे; ते पुढे पटेल.

प्रथम जुने यंत्र समजून घेऊ. अटारी कंपनीचा १९७२ सालचा ‘पाँग’ हा पैसे मिळवून देणारा पहिला मोठा गेम. ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने तो घडवला. त्यात प्रोसेसर नव्हता आणि ‘प्रोग्रॅम’ म्हणावे असेही काही नव्हते. चेंडू, फळी आणि गुणांचे आकडे हे सगळे तारा आणि लहान लहान चिप्स यांच्या जोडणीतून साधलेले होते. थोड्याच वर्षांत प्रोसेसर स्वस्त झाले आणि गेम ही लिहिण्याची वस्तू झाली. हा लिखित मजकूर बोर्डावरील ‘रॉम’ नावाच्या चिप्समध्ये कोरलेला असे. यंत्र बंद केले तरी तो पुसला जात नसे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’चा सगळा प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा होता. आजच्या मोबाइलने काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो घेतला, तर तेवढ्या जागेत असे जवळजवळ दोनशे प्रोग्रॅम बसतील.

आता हा खेळ ब्राउझरमध्ये आणण्याच्या दोन वाटा आहेत, आणि त्यांतला फरक लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. पहिली वाट रूपांतराची. एखादा प्रोग्रॅमर जुना गेम पाहतो, त्याचे नियम मनात घेतो आणि आजच्या भाषेत, बहुधा जावास्क्रिप्टमध्ये, तो पुन्हा नव्याने लिहितो. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला किंवा आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, त्यातलाच हा प्रकार. कथा तीच, शब्द दुसऱ्याचे. दुसरी वाट सोंगाची. येथे जुन्या गेमला हातही लावायचा नाही. त्याच्या रॉममधला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्रॅम तयार करायचा. त्याला एम्युलेटर म्हणतात. जुना मजकूर म्हणतो, ‘हे दोन आकडे मिळवा’. एम्युलेटर त्या काळच्या प्रोसेसरच्या रीतीने ते मिळवून देतो. मजकुराला वाटत राहते की आपण अजून त्या खोक्यातच आहोत. बहुरूप्याने पोलिसाचे सोंग इतके चोख आणावे की खऱ्या शिपायानेही त्याला सलाम ठोकावा, तसे हे आहे. पॅक-मॅनचा झेड-८० प्रोसेसर सेकंदाला सुमारे तीस लाख ठोके देत असे. आजच्या साध्या मोबाइलच्या प्रोसेसरचे ठोके दोनशे कोटींच्या घरात असतात, म्हणून हे सोंग त्याला झेपते.

फरक कुठे पडतो हे पाहायला ‘स्पेस इनव्हेडर्स’सारखे उदाहरण नाही. तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तो तयार केला. परग्रहावरच्या शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, असे ५५ जण वरून हळूहळू खाली उतरत येतात आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. ज्याने तो खेळला आहे त्याला आठवेल की, शत्रू मरत जातात तसे उरलेले जास्त जास्त वेगाने धावू लागतात. शेवटचा एकटा तर असा सुसाट सुटतो की छातीत धडधडते. हा वेग मुळात कुणी योजून ठेवलेला नव्हता. बिचारा प्रोसेसर दुबळा होता. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदले आणि प्रत्येक वेळी त्याला एकाच शत्रूला पुढे सरकवणे जमे. ५५ जण असताना सगळ्यांचे एकेक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागे. दहाच उरले की एका सेकंदात सहा पावले. एकच उरला की प्रत्येक चित्रात त्याचे पाऊल. निशिकादोंना हे दिसले, आवडले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. यंत्राचे दौर्बल्य हाच त्या खेळाचा प्राण ठरला.

आता रूपांतर करणारा काय करतो ते पाहा. त्याच्या यंत्राला पंचावन्न काय, पंचावन्न हजार आकृत्याही एका क्षणात हलवता येतात. तो सगळ्यांना एकदम सरकवतो. दिसायला सारे तेच : तीच हिरवी तोफ, तेच खेकड्यासारखे शत्रू. पण धडधड गेली. जाणता रूपांतरकार हे ओळखतो आणि शत्रू कमी होतील तसा वेग वाढवण्याचा नियम मुद्दाम लिहितो. म्हणजे जे मुळात आपोआप होते ते आता अभिनयाने करावे लागते. याहून विनोदी प्रकार दुसरा आहे. काही रूपांतरांत खेळाचा वेग पडद्याच्या ताजे होण्याच्या गतीशी बांधलेला असतो. लिहिणाऱ्याचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा असतो; नव्या महागड्या मोबाइलचा १२० वेळा होतो. परिणाम असा की, महाग मोबाइलवर खेळ दुप्पट वेगाने पळतो आणि त्याच्या मालकाला वाटते, जुने लोक भलतेच तरबेज असले पाहिजेत!

पॅक-मॅनची कथा आणखी सूक्ष्म आहे. नामको कंपनीच्या तोरु इवातानी यांच्या कल्पनेतून तो निघाला. (जपानमध्ये त्याचे नाव ‘पक-मॅन’ होते, अमेरिकेत कुणी टवाळ त्यातील पहिले अक्षर खरवडून भलतेच करील या भीतीने ते बदलले. नाव पालटण्याचा वारसा असा जुना आहे.) त्यातील चार भुतांचे चार स्वभाव आहेत. तांबडे भूत सरळ पाठीस लागते. गुलाबी भूत आपण जिथे आहोत तिथे न येता, आपले तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेने चार घरे पुढचा नेम धरते, म्हणजे वाटेत दबा धरते. निळसर भूत तांबड्याची आणि आपली जागा दोन्ही पाहून हिशेब करते. नारिंगी दूरवरून चाल करून येते आणि आठ घरांच्या आत आले की पळ काढते. आता गुलाबी भुताच्या हिशेबात एक चूक राहून गेलेली आहे. आपण वरच्या दिशेने जात असलो, तर ते चार घरे वर आणि शिवाय चार घरे डावीकडे असा नेम धरते. बेरजेच्या गफलतीमुळे हे झाले. पण मुरलेल्या खेळाडूंनी त्याच चुकीवर आपले डावपेच रचले. दुसरी चूक शेवटची : पातळी मोजायला एकच बाइट ठेवलेला, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात; म्हणून २५६ व्या पातळीला हिशेब उलटतो आणि अर्धा पडदा अक्षरे-आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. तिथून पुढे जाता येत नाही.

रूपांतर करणाऱ्याने या चुका सुधाराव्यात की ठेवाव्यात? मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच कारणासाठी की उतरवून घेणाऱ्यांनी कळत-नकळत अनेक पाठ बदलून टाकले होते. आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावूनही ठेवले. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या, प्राचीन ठरेल तो पाठ वर छापला आणि बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी दिले. अर्थ सुबोध व्हावा म्हणून अवघड पाठ सोपा करायचा मोह संपादकाने टाळायचा असतो. ब्राउझरमधल्या गेम्सच्या बाबतीत हीच शिस्त एम्युलेटर आपोआप पाळतो : मजकूर मूळचाच असल्यामुळे गुलाबी भुताची चूकही मूळचीच राहते. रूपांतरकाराला मात्र ती मुद्दाम, समजून उमजून लिहावी लागते. अनेकांना तिचा पत्ताच नसतो. काहींना असतो आणि ते ‘दुरुस्त’ करतात. माझ्या मते दुरुस्ती करणाऱ्याने निदान पानाच्या तळाशी तसे लिहावे. खेळ पोरासोरांचा आहे म्हणून पाठ कसाही चालेल, हे मला मान्य नाही.

हे सोंग ब्राउझरपर्यंत कसे पोचले तो इतिहास थोडक्यात आटोपतो. निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने १९९७ साली ‘मेम’ नावाचा एम्युलेटर सुरू केला. जुन्या यंत्रांची अंतर्रचना नोंदवून ठेवणे हा त्या प्रकल्पाचा जाहीर हेतू. खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक लाभ, असे ते लोक म्हणत आले. पुढे अलॉन झकाई यांनी ‘एमस्क्रिप्टेन’ हे साधन तयार केले. त्यामुळे ‘सी’ भाषेतले मोठमोठे प्रोग्रॅम ब्राउझरला समजतील अशा रूपात बदलता येऊ लागले. त्याच्या बळावर इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये नऊशेहून अधिक पार्लरी गेम ब्राउझरमध्ये खेळायला खुले केले. २०१७ पर्यंत ‘वेबअसेंब्ली’ सर्व मोठ्या ब्राउझरांत आली आणि वेगाची उरलीसुरली अडचणही मिटली. मधल्या काळात ‘फ्लॅश’ या साधनावर हजारो छोटे गेम निघाले होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर ते साधनच बंद झाले आणि ते सारे गेम एका रात्रीत मुके झाले. मग त्यांच्यासाठीही ‘रफल’ नावाचे सोंग लिहावे लागले. ज्या ब्राउझरने जुन्याला आश्रय दिला त्याच्याच अंगणात दुसरे जुने होऊन पडले, असा हा प्रकार.

बरे, मजकूर तंतोतंत आला म्हणजे सगळे आले का? पुष्कळसे येत नाही. पॅक-मॅनचा पडदा उभा होता, लॅपटॉपचा आडवा असतो. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. जुन्या काचेच्या नळीवर ठिपके एकमेकांत किंचित विरघळत. आजच्या सपाट पडद्यावर तेच चित्र विटांच्या भिंतीसारखे चौकोनी दिसते. आवाज तर आपण पडद्याला बोट लावल्याशिवाय सुरूच होत नाही. २०१८ पासून क्रोमने जाहिरातींचा गोंगाट थांबवण्यासाठी तसा नियम केला आणि त्यात बिचारे जुने गेमही सापडले. दांड्याच्या जागी मोबाइलची गुळगुळीत काच येते. तिच्यावर अंगठा नेमका कुठे आहे ते बोटाला कळत नाही. खेळाडू खाली पाहतो आणि तेवढ्यात मरतो.

पण सगळ्यांत मोठी गळती नाण्याची आहे. पार्लरमधला गेम हा नाण्याच्या हिशेबाने लिहिलेला असे. नवखा दोन-तीन मिनिटांत मेला पाहिजे, नाहीतर मालकाचा धंदा बुडतो. पण ‘आणखी एकदा’ असे वाटण्याइतका तो रमलाही पाहिजे. खिशात मोजके पैसे असलेला मुलगा आपले ‘लाईफ’ जपून वापरी आणि बराच वेळ तर दुसऱ्याच्या खांद्यावरून नुसता पाहत उभा राही. पाहता पाहताच तो शिके : कुठल्या पिंपात जेवण निघते, कुठला बॉस कसा पाडायचा. मेममध्ये नाणे टाकायचे म्हणजे कीबोर्डवरचे पाच आकड्याचे बटण दाबायचे. ते हजार वेळा दाबता येते. अडचण तीच राहिली, तिची किंमत गेली. मुस्तफा अशा रीतीने कुणीही तासाभरात शेवटापर्यंत नेऊ शकतो आणि शेवट पाहून ‘एवढेच होय!’ म्हणतो. पार्लरमध्ये शेवट पाहिलेला मुलगा गल्लीत ओळखला जाई. पार्लरविषयी घरच्यांची तक्रार असे, आणि ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. शाळा बुडत, घरच्या डब्यातली नाणी कमी होत. पण ती जागा केवळ वाया गेलेल्या मुलांची होती असे लिहिणारेही तेथे कधी उभे राहिलेले नसावेत.

आता कायद्याचा भाग. तो आपल्याला रुक्ष वाटतो, पण त्यात आपल्या शाखेसाठी एक मौज आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ या व्याख्येत मोडतो. म्हणजे कादंबरी, कवितासंग्रह आणि मुस्तफा हे कायद्याच्या एकाच फडताळात! साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे चालते. पूर्वी ते पन्नास होते, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली साठ केले गेले. लेखक अनामिक धरला तर प्रकाशनापासून साठ वर्षे मोजतात. त्या सर्वांत कमी हिशेबानेही १९९३ चा गेम २०५३ च्या अखेरीपर्यंत मुक्त होत नाही. कंपनीने तो विकणे थांबवले, यंत्रे भंगारात गेली, एवढ्याने हक्क संपत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये मुस्तफा खेळवणारी बहुतेक ठिकाणे परवानगीशिवाय चालतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. (पार्लरमधले कितीतरी बोर्डही नकलीच असत, हा भाग निराळा.)

कल्पनेवर मात्र कुणाची मालकी नसते. १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आर. जी. आनंद यांचा खटला आला. ‘हम हिंदुस्थानी’ या आपल्या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने ती फेटाळताना सांगितले की, विषय किंवा कल्पना यांवर हक्क नाही. ती ज्या रूपाने मांडली त्या रूपावर आहे. हाच निकष गेम्सना लावून पाहा. चक्रव्यूहात पळणे आणि ठिपके खाणे ही कल्पना. ती कुणीही घ्यावी. पिवळा गोल आणि त्या चार भुतांचा चेहरामोहरा हे रूप. ते घेता येत नाही. अमेरिकेत १९८२ साली अटारीने फिलिप्सविरुद्ध ‘के. सी. मंचकिन’ हा गेम याच मुद्द्यावर थांबवला आणि २०१२ साली ‘टेट्रिस’च्या मालकांनी एका हुबेहूब नकलेविरुद्ध निकाल मिळवला. म्हणून आपल्यापैकी कोणी सरावासाठी असा गेम लिहिणार असेल, तर त्याने चक्रव्यूह घ्यावा आणि भुते स्वतःची आणावीत. मांजरीची द्राक्षे आहेत, ऊस आहे, ‘मांजरी गोटा’ वांग्याची तर देशभर ख्याती आहे. ठिपक्यांऐवजी वांगी खाणारा एखादा प्राणी करायला काय हरकत आहे? मालकाच्या संमतीने काय होऊ शकते त्याचा नमुनाही आहे. २१ मे २०१० रोजी पॅक-मॅनच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त गूगलने आपल्या पहिल्या पानावरच, आपल्या नावाच्या अक्षरांचा चक्रव्यूह करून, तो खेळायला ठेवला होता.

मुस्तफाचे दुखणे यापेक्षा अवघड आहे. त्यात गेम कॅपकॉमचा, कथा शुल्ट्झ यांची आणि कॅडिलॅक हे नाव मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे. इतक्या जणांच्या सह्या एका कागदावर आणण्याची खटपट, दक्षिण आशियातल्या आठवणींखातर, कुणी करील हे कठीण दिसते. तोवर जी बेकायदा प्रत आहे तीच एकमेव वाचता येणारी पोथी आहे. तिची बाजू घ्यावी असे मी म्हणत नाही. पण ती उद्या पुसली गेली तर आपल्या भागातल्या एका पिढीचा एक सामायिक अनुभव केवळ ऐकीव उरेल, एवढे मात्र खरे. २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत आली. त्यानंतर जुन्या दुकानांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि कुठे कोणते पार्लर होते हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. समाजशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे : मालकाने यंत्र कोठून आणले, एका नाण्याला किती वेळ खेळू देत, मुलींना तेथे येता येई का, कोणत्या गेमला कोणते गावठी नाव पडले. हे कोणत्याही रॉममध्ये कोरलेले नाही.

आणि ज्यांना नुसते खेळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. मुस्तफा हा मुळात तिघांनी शेजारी शेजारी उभे राहून खेळायचा गेम. ब्राउझरमध्ये तिघांना एकाच कीबोर्डवर बसवून पाहिले, तर थोड्याच वेळात भांडण होते आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. साध्या कीबोर्डची रचना अशी असते की, काही ठरावीक बटणे एकदम दाबली की पुढचे बटण त्याला कळतच नाही. एकाने धावत लाथ घातली की दुसऱ्याची उडी गिळली जाते. तेव्हा दोघांनी कीबोर्ड घ्यावा आणि तिसऱ्यासाठी यूएसबीचा एक स्वस्तातला जॉयस्टिक आणावा. तो कोणी घ्यायचा हे आधी ठरवून घ्यावे.